पाणी तपासायची पेटी: दोन वर्षं वर्गात वापरून झाल्यावर

मी बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे, सातवीपर्यंतची शाळा, आणि गेली दोन वर्षं आम्ही ती पाणी तपासायची पेटी वापरायलोत, फिल्ड टेस्ट किट म्हणतात ती, एफटीके. घ्यायच्या आधी मी लई शोधाशोध केली होती पण जे काही सापडलं ते सगळं पाणीपुरवठ्याच्या कामवाल्या लोकांसाठी लिहिलेलं, लेकरांच्या हातात ही पेटी दिली की काय होतं हे कुठंच मिळालं नाही, म्हणून म्हटलं आपणच एकदा बसून लिहावं.

आधी निकाल सांगतो म्हणजे घाईत असणाऱ्याला पुढचं वाचायची गरज नाही. पेटी घ्या. पर्यावरण हा विषय शाळेत शिकवण्यासाठी मी वीस वर्षात जेवढ्या वस्तू वापरल्या, तक्ते, सीडी, प्रोजेक्टर, त्या सगळ्यात ही एक नंबर. पण तिच्यात चार-पाच खोटी, म्हणजे उणिवा, आहेत, त्यातली एक तर मला अजून खुपते, ते खाली सांगतोच.

पेटी म्हणजे बघा, टिफिनच्या पिशवीपेक्षा थोडी मोठी प्लॅस्टिकची डबी, आत छोट्या बाटल्या, पुड्या, काचेच्या चार नळ्या, एक ड्रॉपर आणि रंगाचं कार्ड. त्यात पीएच, गढूळपणा, कठीणपणा, क्लोराईड, नायट्रेट, फ्लोराईड, लोह आणि पाण्यात उरलेलं क्लोरीन एवढं तपासता येतं. जंतूंसाठी वेगळ्या बाटल्या येतात, एच टू एस म्हणतात त्याला, त्यात खुणेपर्यंत पाणी भरून झाकण लावायचं अन् उबदार जागी ठेवायचं, एक-दोन दिवसात काळं झालं तर पाणी पिण्यासारखं नाही. आम्हाला पेटी अडीच हजाराच्या आसपास पडली, काही पैसे शाळा अनुदानातून घातले, बाकी आम्ही तिघा शिक्षकांनी आणि शाळा व्यवस्थापन समितीतल्या दोन पालकांनी मिळून जमवले.

आता ही कशाला घेतली ते सांगतो. पर्यावरण विषय शाळा-कॉलेजात सक्तीचा आहे हे सगळ्यांना माहीत असतं पण तो आला कसा हे फार कमी जणांना माहीत आहे. एम. सी. मेहता नावाच्या वकिलांनी याचिका केली आणि २२ नोव्हेंबर १९९१ ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की शाळेत अन् कॉलेजात पर्यावरण शिकवलंच पाहिजे. पुढं बारा वर्षं नीट अंमलबजावणी होईना म्हणून ते परत कोर्टात गेले, २००३ ला कोर्टानं पुन्हा बजावलं, आणि त्याच्या आगेमागे यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, पदवीच्या सगळ्या शाखांना सहा महिन्यांचा पर्यावरणाचा अभ्यासक्रम आणला. म्हणजे एका माणसाला दोनदा कोर्टाची पायरी चढावी लागली तेव्हा कुठं हे पान पुस्तकात आलं. आणि आपण त्याचं काय केलं? माझी पुतणी जवळच्या तालुक्याला कॉलेजला आहे, तिनं पर्यावरणाचा प्रकल्प लिहिला "जलप्रदूषण: कारणे व उपाय", चाळीस पानं, सगळी मागच्या वर्षीच्या पोरीच्या वहीतून उतरवलेली, आणि तिच्या घरामागच्या हापशाचं पाणी खारं का लागतं याचा त्यात एक शब्द नाही. मी तिला बोल लावत नाही. तिला कोणी विचारलंच नव्हतं. शाळेत पण तेच, स्टेशनरीच्या दुकानात तयार चार्ट मिळतो, लेकरू दहा रुपये देऊन आणतं अन् भिंतीला चिकटवतं. ५ जूनला शाळा बंद असते म्हणून रोपं जुलैत लावायची, फोटो काढायचा, उन्हाळ्यात त्याला पाणी घालायला गावातच पाणी नाही.

आमच्याकडं पाणी हा विषय लेकरांना शिकवावा लागत नाही हो, ते घागर घेऊनच मोठे होतात. एप्रिल २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, पहिल्या फेरीत दहा वाघिणी होत्या, साधारण पाच लाख लिटर, ते आमच्या सातवीच्या लेकरांना गोष्टीसारखं वाटतं कारण तेव्हा ते लई लहान होते, पण टँकर त्यांना पाठ आहे. पाणी किती आहे ते त्यांना कळतं. पाणी कसं आहे ते कळत नाही, आणि ते कळायला ही पेटी लागते.

पहिल्या दिवशी काय झालं ते सांगतो. आमच्या खिचडी शिजवणाऱ्या मावशी कायम म्हणायच्या की सर बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, आडाच्या पाण्यात शिजते, आणि आम्ही ऐकून सोडून द्यायचो. पेटी आली तेव्हा मी सुरुवात कठीणपणापासून केली कारण ती सगळ्यात सोपी, नळीत पाणी घ्यायचं, एक पुडी टाकली की पाणी दारूसारखं लालसर होतं, मंग दुसऱ्या बाटलीतला एकेक थेंब टाकत मोजायचं, निळं झालं की थांबायचं, थेंबाला पेटीवरच्या आकड्यानं गुणायचं. आडाच्या पाण्याचे थेंब मोजले. मंग बोअरचं पाणी घेतलं आणि लेकरं मोजायला लागली, मोजतच राहिली, सगळा वर्ग एका सुरात मोजायला लागला, शेजारच्या वर्गातली पोरं दारात येऊन उभी राहिली, आडापेक्षा दुपटीच्या वर थेंब गेले तेव्हा कुठं निळं झालं. सहावीतली एक पोरगी पळत स्वयंपाकघरात गेली अन् मावशीला हाताला धरून वर्गात घेऊन आली, म्हणाली मावशी तुमचं बरोबर निघालं. मावशी पदर डोळ्याला लावून हसत होत्या. कॅल्शियमचा डाळीशी काय संबंध आहे, ती मऊ का होत नाही, हे मी त्यानंतर फळ्यावर सांगितलं आणि ते एकालाही परत सांगावं लागलं नाही. पिण्याच्या पाण्यात कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला, दुसरं पाणीच नसलं तर ६०० पर्यंत चालवून घ्यायचं, हे आकडे आता चौथीतलं लेकरू पण सांगतं.

नंतर पहिला पाऊस जोरात पडून गेल्यावर पत्र्यावरून येणारं पाणी पोरांनी स्वतःच पातेल्यात धरलं आणि तपासलं, दोन-तीन थेंबातच निळं. त्यांच्या तोंडावरचं आश्चर्य बघण्यासारखं होतं. मंग पत्रा मोजायला लागले. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की बरोबर एक लिटर होतो, एवढं एकच सूत्र दिलं, बाकी त्यांनीच केलं, की १०० चौरस मीटर पत्र्यावर ५० मिलिमीटर पाऊस झाला की ५००० लिटर, म्हणजे एक टँकर. थोडं वाया जातं ते सोडा. सातवीतलं एक पोरगं म्हणालं, सर मंग परवाच्या पावसात एक टँकर आपल्या शाळेपुढून वाहून गेला की. गणिताचा तास होता तो, वेळापत्रकात पर्यावरण कुठंच नव्हतं. माझं म्हणणं हेच आहे की या विषयाला वेगळा तास नाही दिला तरी चालतो, गणितात घ्या, विज्ञानात घ्या, तिसरी ते पाचवीला परिसर अभ्यास आहेच, मराठीत पत्रलेखन असतं, ते पत्र काल्पनिक महापौराला कशाला लिहायचं, आपल्या ग्रामसेवकाला लिहा. वरच्या वर्गांना तर जलसुरक्षा असा विषयच आहे, नववी-दहावीला, आणि अकरावी-बारावीला पर्यावरण शिक्षणासोबत. ती पुस्तकं चांगली आहेत, पण पुस्तकासोबत एक नळी अन् एक बाटली मिळाली असती तर किती बरं झालं असतं.

नायट्रेटची गोष्ट मात्र जड आहे. जुलैत आम्ही गावातल्या आठ ठिकाणचं पाणी आणलं, आड, दोन हापसे, बोअर, शेतातल्या विहिरी. नायट्रेटमध्ये पाणी गुलाबी होतं, जितकं गडद तितकं जास्त, आणि मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, त्याला कुठलीही सूट नाही. ज्या आडाला आम्ही गोड म्हणत होतो, ज्याच्यात डाळ शिजते म्हणून मावशी कौतुक करत होत्या, त्याच आडाचं पाणी कार्डावरच्या ४५ च्या खान्याच्या पुढं गेलं. सगळी शांत झाली. मी परत करायला लावलं, नळी तीनदा धुऊन, परत तेच. काहून सर, काहून, असं सगळे विचारायले, मी म्हटलं उत्तर मी देणार नाही, चला आडावर जाऊ. आडापासून पावलं मोजली, वरच्या अंगाला तीन उकिरडे, गुरांचा गोठा, अन् त्याच्या पलीकडं कापसाचं रान, तिथं युरिया. पावसाचं पाणी कुठून कुठं उतरतं ते लेकरांनी चिखलातल्या ओघळी बघूनच ओळखलं. घरी जाऊन एकीनं आजीला सांगितलं की पाणी उकळून घेत जा, मी दुसऱ्या दिवशी तिला समजावलं की उकळून जंतू मरतात पण नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटलं की वाढतं, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकून पण जात नाही, आणि त्याचा धोका सगळ्यात जास्त सहा महिन्याच्या आतल्या बाळाला असतो, वरच्या दुधाची पावडर त्या पाण्यात कालवली तर. तिच्या घरात तेव्हा दोन महिन्याचं बाळ होतं. त्या घरानं त्याच दिवसापासून बाळाचं पाणी बदललं, आशाताईंनी पण जाऊन सांगितलं.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत चार लेकरांनी आठही ठिकाणचे आकडे वाचून दाखवले. एक आजोबा चिडले, म्हणाले या आडाचं पाणी आमच्या चार पिढ्या पेल्या, तुम्ही कालची पोरं. सातवीतली पोरगी हात जोडून म्हणाली, आबा, आड वाईट नाही, आडाच्या वरचं सरकवा. त्या वाक्यापुढं मला काही बोलावं लागलं नाही. पुढच्या दोन महिन्यात तीनपैकी दोन उकिरडे हलले. तिसरा अजून तिथंच आहे, ज्यांचा आहे त्यांना दुसरी जागाच नाही, हे पण लेकरांना कळलं पाहिजे की प्रत्येक गोष्ट हट्टीपणानं होत नसते.

आणि एच टू एसच्या बाटलीबद्दल एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्या गावातली निम्मी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, काही लेकरं हंगामी वसतिगृहात राहतात पण काही आईबापासोबत जातातच. सहावीतलं एक पोरगं जाताना म्हणालं सर मला दोन बाटल्या द्या. मी दिल्या, वापरायचं कसं ते माहीत होतंच त्याला. होळीनंतर ते परत आलं तेव्हा दप्तरात वहीचा कागद होता, त्यावर तारीख, कुठलं पाणी ते, किती वाजता भरलं ते. एक बाटली कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीवर, येणाऱ्या टँकरच्या पाण्याची, ती दुसऱ्याच दिवशी काळी. दुसरी कारखान्याच्या नळाची, ती तशीच राहिली. थंडी होती म्हणून त्यानं बाटली गोधडीत गुंडाळून ठेवली होती, हे त्याला मी सांगितलं नव्हतं, उबदार जागा म्हटलं होतं फक्त. त्यानं टोळीतल्या बायांना सांगितलं की नळावरून पाणी आणा, लांब पडतं पण आणा, आणि त्यांनी आणलं. हंगामभर शाळा बुडालेलं लेकरू होतं ते. मी तो कागद जपून ठेवलाय.

आता खोटी. पहिली म्हणजे माहितीपत्रक सगळं इंग्रजीत, एक पान हिंदी, मराठी काहीच नाही. मी सुट्टीत बसून सगळं मराठीत लिहून काढलं आणि झाकणाच्या आतून चिकटवलं. दुसरी म्हणजे रंगाचं कार्ड. ते उन्हात राहिलं की फिकं होतं, आणि ट्यूबलाईटखाली वेगळाच रंग दिसतो, म्हणून बाहेर सावलीत, दिवसाच्या उजेडात, मागं पांढरा कागद धरूनच बघायचं. फ्लोराईडला तर गोंधळ जास्त कारण तिथं रंग उलटा जातो, गुलाबीचा पिवळा होत जाईल तसं फ्लोराईड जास्त, आणि लेकरं नायट्रेटच्या सवयीनं गुलाबीला वाईट म्हणून बसतात. फ्लोराईडची चांगली मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आणि जास्तीत जास्त १.५ आहे, एवढ्या बारीक फरकात चुकलं तर सगळंच चुकतं. आम्ही नियम केला की एका नळीकडं तिघांनी बघायचं, तिघांनी वेगवेगळं लिहायचं, मंग मिळवून बघायचं. यातच आम्हाला कळलं की एका पोराला लाल-हिरव्यातला फरकच दिसत नाही, आधी आम्हाला वाटायचं ते आळस करतंय. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. त्याच्याकडं आता वेळ आणि थेंब मोजायचं काम असतं, त्याच्याइतकं अचूक कोणी मोजत नाही.

तिसरी खोट सगळ्यात मोठी, मी वर म्हटलं ती. तपासणी झाल्यावर नळीतलं पाणी कुठं ओतायचं हे पेटीवर कुठंच लिहिलेलं नाही. क्लोराईडच्या तपासणीत सिल्व्हर नायट्रेट आणि क्रोमेट असतं, क्रोमेट विषारी आहे, हाताला लागायला नको अन् मातीत जायला नको. पाण्याची काळजी शिकवणारी वस्तू अन् तिचंच पाणी आम्ही पहिले दोन आठवडे शाळेच्या मागं ओतत होतो, कळल्यावर झोप लागली नाही. आता एक झाकणाचा कॅन ठेवलाय, सगळं त्यात, भरला की तालुक्याच्या कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये नेऊन देतो. काळी झालेली एच टू एसची बाटली पण तशीच फेकायची नाही, तिच्यात ब्लीचिंग पावडर टाकून ठेवायची, मंगच बाहेर. घेणाऱ्यांनी हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या, हातमोजे घ्या, आणि पाचवीच्या खालच्या लेकरांना थेंब मोजायला द्या, बाटल्या उघडायला देऊ नका.

विकणाऱ्याबद्दल, नाव घेत नाही, पण पहिल्या पेटीत नायट्रेटच्या पुड्यांची मुदत संपायला फक्त चार महिने राहिले होते आणि फोन केला तर म्हणाले माल असाच येतो. पुढच्या वेळी मी दुसऱ्याकडून घेतली आणि पैसे द्यायच्या आधी प्रत्येक बाटलीवरची तारीख फोटोत मागवली. तुम्ही पण तसंच करा. दुसरी अडचण सुट्या रिफिलची, कठीणपणाची बाटली आधी संपते, लोहाची पुडी तशीच पडून राहते, पण विकतात सगळा संच.

आणि हो, विकत घ्यायच्या आधी आपल्या ग्रामपंचायतीत विचारून बघा. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायचं प्रशिक्षण द्यायचं असतं आणि त्यासाठी ही पेटी येते. आमच्याकडं एक कपाटात निघाली, मुदत गेलेली होती, पण नळ्या अन् ड्रॉपर कामाला आले. त्या पाचपैकी दोघी आमच्या शाळेतल्या लेकरांच्या आया निघाल्या, आता त्या तपासणीच्या दिवशी शाळेत येतात अन् लेकरांसोबत बसतात.

पेटीचा आकडा किती खरा हा प्रश्न पालकांनी विचारला आणि तो बरोबरच होता. म्हणून त्याच कॉलेजच्या सरांशी बोललो, त्यांनी आमचे तीन नमुने बी.एस्सी.च्या पोरांना प्रॅक्टिकलमध्ये दिले. कठीणपणा जवळपास जुळला, नायट्रेट पण आडाचं ४५ च्या वरच आलं, फ्लोराईडला आमचा अंदाज थोडा जास्त निघाला. म्हणजे पेटी धोका आहे का नाही हे सांगते, नेमका आकडा लॅबच सांगणार, एवढं समजून वापरायची. त्यातून एक वेगळीच गोष्ट झाली, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या पोरांनी पर्यावरणाचा प्रकल्प म्हणून आमच्या गावाचं पाणी घेतलं. यूजीसीनं २०२३ ला पदवीच्या पर्यावरण शिक्षणासाठी नवीन आराखडा दिलाय, त्यात किमान चार क्रेडिट आहेत, मंग ते चार क्रेडिट गावातल्या आडावर खर्च झाले तर काय बिघडलं. ती पोरं आमच्या लेकरांना लॅब दाखवायला घेऊन गेली, आमची पोरं ब्युरेट, म्हणजे थेंब सोडायची उभी काचेची नळी, बघून म्हणाली सर हा तर मोठा ड्रॉपर.

यंदा सहल पण बदलली. आधी लेकरं वॉटरपार्कला चला म्हणायची, आता बीडच्या खजाना विहिरीला नेलं, सोळाव्या शतकातली निजामशाही काळातली विहीर, तिचं पाणी बोगद्यातून नुसत्या उतारानं शेतापर्यंत जातं, मोटर नाही काही नाही. पेटी सोबत होतीच.

एवढं करून आमचा वर्षाचा खर्च पेटी, एच टू एसच्या बाटल्या आणि हातमोजे धरून चार हजाराच्या आत बसतो. मोठ्या शाळेला एक पेटी पुरणार नाही, एका वेळी आठ-दहा लेकरांपेक्षा जास्त जण बसले की मागच्यांना काहीच दिसत नाही. उन्हाळ्यात बाटल्या पत्र्याखाली ठेवू नका, आम्ही माठाशेजारी भिंतीच्या कोनाड्यात ठेवतो.

आता जूनमध्ये परत आठही ठिकाणचं पाणी घेणार आहोत, दोन उकिरडे हलल्यानंतरचा हा दुसरा पावसाळा, आडाचा गुलाबी रंग किती उतरला ते बघायला सगळं गाव थांबलंय. नायट्रेटच्या पुड्या सुट्या कुठं मिळत असतील, बीड, लातूर नाहीतर संभाजीनगरला, तर कुणीतरी सांगा, आमच्याकडं सहाच राहिल्यात.